पौलाचा झगा आणि औषधाची पेटी

पाठ : २ तीमथ्य ४:९–२१, प्रेषितांचीं कृत्यें २८:१–२

पौल रोमच्या बंदिवासांत होता व आपलें मरण जवळ आलें असें त्यास दिसत होतें. अशा वेळीं त्यानें तीमथ्यास जें पत्र लिहिलें, त्यांत विश्वासाच्या थोर गोष्टींबरोबर एक लहानशी मागणीही आहे. त्रोवसांत कार्पाकडे राहिलेला झगा, तसेंच पुस्तकें व विशेषेंकरून चर्मपत्रें येतांना आणावीं, आणि हिंवाळ्यापूर्वीं यावें, अशी ती मागणी. पुष्कळ उपदेशक हें वचन घाईनें ओलांडून जातात. झग्यावर काय प्रवचन करावयाचें? पण ज्यानें मृगाच्या पावसांत, जोडे हातांत घेऊन, काळ्या रानाचा चिखल तुडविला आहे व ओल्या धोतरानें परक्या गांवांत रात्र काढिली आहे, त्यास हें वचन समजावून सांगावें लागत नाहीं. मेलितें बेटावर पाऊस व थंडी ह्यांमुळें तेथील लोकांनीं शेकोटी पेटवून सर्वांस जवळ घेतलें, हें लूकानेंही आठवणीनें लिहून ठेविलें आहे.

आतां आपल्याच नदीकांठची एक गोष्ट पाहूं. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी आपल्याकडे येण्यापूर्वीं नाशिकावरून येते. तेथें १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे रे. विल्यम प्राइस ह्यांनीं शरणपूर हें ख्रिस्ती गांव वसविलें. गुलामांच्या गलबतांतून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकेचीं मुलें मुंबईस उतरत, व त्यांतील कित्येक शरणपुरास येऊन लिहिणें, वाचणें, सुतारकाम व लोहारकाम शिकत. डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ सालीं मुंबईस आले, तेव्हां त्यांनीं येथील नऊ तरुण बरोबर घेतले. चुमा नांवाचा आणखी एक मुलगा होता. त्यास १८६१ सालीं गुलामांच्या तांड्यांतून सोडविलें होतें व मुंबईंत डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या मिशनाकडे शिकण्यास ठेविलें होतें. तोही निघाला.

१८६६ च्या जानेवारींत मुंबईहून जहाज सुटलें. त्यावर उंट, खेचरें, गाढवें व आपल्याकडच्या म्हशीही होत्या. त्सेत्से नांवाच्या माशीच्या मुलुखांत हीं जनावरें तगतात कीं नाहीं, हें पाहावयाचें होतें. तीं तगलीं नाहींत. परंतु माशीपेक्षां हांकणारांच्या मारहाणीनें तीं अधिक खंगलीं, असा डॉक्टरांचा ग्रह झाला. पुढें कित्येक हमाल पळाले, आणि साहेब मेले अशी खोटी बातमी त्यांनीं किनाऱ्यावर पसरविली.

मोठीं संकटें माणूस छाती करून सोसतो. त्यास नमवितात तीं लहान. १८६६ च्या अखेरीस डॉक्टरांच्या बकऱ्या गेल्या, व रुचिहीन अन्नास चव आणणारें दूध बंद झालें. त्यांच्याजवळ चिताने नांवाचा एक छोटा कुत्रा होता. गांवचीं कुत्रीं तो त्यांच्या झोपडीपाशीं फिरकूं देत नसे. १८६७ च्या जानेवारींत सुमारें एक मैल रुंदीची दलदल कमरभर पाण्यांतून ओलांडतांना जो तो आपले पाय सांभाळण्यांत गुंतला. कुत्र्यास उचलून घेण्यास कोणास सांगावयाचें राहून गेलें. बिचारा पोहून पोहून बुडाला.

त्यानंतर अवघ्या पांच दिवसांनीं खरा घाव बसला. औषधाची पेटी शरणपूरच्या बराकाकडे असे व तो ती फार जपत असे. त्या दिवशीं दुसऱ्या दोघांपैकीं एकानें त्याच्याशीं ओझें बदलून घेतलें, आणि पावसांत, दाट रानांत ते दोघे नाहींसे झाले. हिंवतापावरचें सर्व कोयनेल गेलें. आतां आपलें मरण ठरलें, असें डॉक्टरांस वाटलें; तरीही गुलामगिरींत वाढलेल्यांपासून ह्याहून अधिक काय अपेक्षावें, असें म्हणून त्यांनीं त्या दोघांचा दोष हलका केला. उपदेशकांनीं येथें एक व्यवहाराची गोष्ट टिपून ठेवावी : औषध, काडेपेटी व कागद एकाच गाठोड्यांत बांधूं नयेत, आणि ज्याच्या डोक्यावर गाठोडें द्यावयाचें, त्यास आंत काय आहे तें सांगावें.

शरणपूरचे सर्वच टिकले असें नाहीं. खोटी स्तुति कशास करावी? कित्येक सोडून गेले. चुमा राहिला, एडवर्ड गार्डनर राहिला. १८७१ सालीं डॉक्टर हाडांचा सांपळा होऊन उजिजीस पोहोंचले, तों त्यांच्यासाठीं पाठविलेलें सामान दुसऱ्यानेंच विकून टाकिलें होतें. पुढें थोडक्याच दिवसांत स्टॅन्ली आले. त्यांच्याजवळ कापड होतें, अन्न होतें आणि घरच्या पत्रांची थैली होती. दोन वेळां जेमतेम जेवणारे डॉक्टर मग दिवसांतून चार वेळां जेवूं लागले.

स्टॅन्लींनीं परत गेल्यावर १८७२ सालीं जीं माणसें पाठविलीं, त्यांत शरणपुरांत शिकलेला जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ रोजीं चितांबोच्या गांवीं, गवताच्या झोपडींत, बिछान्याशेजारीं गुडघे टेकलेल्या स्थितींत डॉक्टरांचा देह आढळला. सोबत्यांनीं त्यांचें हृदय झाडाखालीं पुरलें. जेकबानें पुरण्याचा विधि वाचला व झाडाच्या सालींत नांव कोरलें. देह मीठ लावून उन्हांत वाळविला, कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळला. मग सुसी व चुमा ह्यांच्या पुढारपणाखालीं तें ओझें हजार मैलांहून अधिक वाट चालून १८७४ च्या फेब्रुवारींत बागामोयोच्या किनाऱ्यास लागलें. वाटेंत एका इंग्रज अधिकाऱ्यानें देह तेथेंच पुरण्याचा सल्ला दिला होता. तो त्यांनीं मानिला नाहीं.

देहाबरोबर इंग्लंडास गेला तो एकटा जेकब. १८ एप्रिलच्या दफनविधींत वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें त्यानें पेटीस हात दिला. सुसी व चुमा मागाहून गेले. परंतु देहाबरोबर त्यांनीं डॉक्टरांच्या वह्याही जपून किनाऱ्यावर आणिल्या होत्या. ह्या वह्या छापण्यासाठीं वालर साहेब तयार करीत होते. तेव्हां हे दोघे त्यांच्याजवळ बसून, कोणती नदी कोठें व कोणत्या गांवीं काय झालें, तें सांगत. १८७४ सालींच त्या वह्या पुस्तकरूपानें निघाल्या.