जुन्या कलमांची छाटणी : करवत लावण्याआधी, लावताना आणि नंतर



पाऊस थांबला, कातळ सुकला, आणि आता बऱ्याच सभासदांचा एकच प्रश्न येतोय : "जुनी हापूसची कलमं उंच गेलीत, शेंड्यापर्यंत फवारा पोचत नाही, झेला पोचत नाही. छाटून खाली आणायची आहेत, कशी आणू?" म्हणून या वेळचा धडा छाटणीवर. थोडा मोठा आहे. चहा पिताना निवांत वाचा आणि जो माणूस प्रत्यक्ष झाडावर चढणार आहे त्यालाही वाचून दाखवा.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. चुकीचा काप झाडाला पुढची दहा वर्षं त्रास देतो. चुकीचं उभं राहणं माणसाला आयुष्यभर. दोन्ही टाळता येतात, आणि दोन्हीचा निर्णय झाडावर चढण्याआधी खालीच होतो.

*1️⃣ कोणती कलमं, किती आणि कधी*

▪️ फांद्या एकमेकांत घुसलेल्या, आत ऊन नाही, फळ फक्त शेंड्याला, अशी कलमं निवडा. चांगलं धरणारं कलम उगाच तोडू नका.
▪️ मोठी छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, साल कोरडी असताना. भर पावसात मोठा काप घेऊ नका. पाय घसरतो आणि ओल्या जखमेत बुरशी शिरते.
▪️ सगळी बाग एका वर्षी तोडू नका. छाटलेल्या कलमाला या हंगामात आंबा येणार नाही. नीट सांभाळलं तर साधारण तिसऱ्या वर्षापासून पुन्हा धरायला लागतं. म्हणून बागेचे तीन-चार भाग करा, दर वर्षी एक भाग. घरचं उत्पन्न चालू राहतं.
▪️ उंची : जमिनीपासून साधारण 12 ते 15 फुटांवर मुख्य फांद्या थांबवा. फूटपट्टी लावून सगळ्या एका रेषेत कापायच्या नाहीत. जिथे बाहेरच्या दिशेला जिवंत उपफांदी आहे, तिच्या थोडं वर कापा.
▪️ मुळापासून पूर्ण झाड काढायचं असेल तर तो वेगळा विषय. आंबा आणि फणस ही दोन्ही झाडं 1964 च्या महाराष्ट्र झाडे तोडणी अधिनियमाच्या यादीत आहेत, परवानगी लागते. आधी वनविभागाच्या कार्यालयात विचारा, मग कुऱ्हाड.

*2️⃣ चढण्याआधीची पाच मिनिटं*

झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारा आणि वर बघत हे तपासा :

✅ विजेची तार. झाडातून किंवा जवळून तार जात असेल तर काम सुरूच करायचं नाही. महावितरणला 1912 वर कळवा, लाइन बंद झाल्याची खात्री करून घ्या. लांब दांड्याच्या करवतीचा दांडा बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. ओला बांबूसुद्धा करंट आणतो.
✅ सुकी फांदी. पाय ठेवायची फांदी आधी काठीने ठोका. पोकळ आवाज आला किंवा बुडाशी भुसा दिसला तर तिथे भिरूड आहे, वजन टाकू नका.
✅ हुमले, गांधीलमाशी, आग्या मोहोळ. वर गेल्यावर हुमले चावायला लागले की माणूस हात सोडतो. पडण्याचं हे एक मोठं कारण.
✅ फांदी कुठे पडणार? तिच्या लांबीच्या दुप्पट अंतरापर्यंत कोणी नको. मुलं, गुरं, मोटरसायकल, सगळं बाहेर.
✅ खालचा माणूस कोण? झाडावर एक असेल तर खाली एक पाहिजेच. त्याने फक्त बघायचं आणि आवाज द्यायचा. फांद्या गोळा करणं काप थांबल्यावर.

नेपाळी कामगार असतील तर त्यांना समजेल अशा हिंदीत खुणा आधी ठरवून घ्या. "रुको" म्हणजे हात थांबला पाहिजे, मधला अर्थ नाही.

*3️⃣ सामान*

▪️ *कोयती* : बारीक डहाळ्या आणि बांडगूळ साफ करायला. मनगटापेक्षा जाड फांदीला कोयतीने घाव घालू नका. लाकूड चिरतं, साल फाटते, जखम भरत नाही. चढताना कोयती कमरेच्या आकडीत, हातात नाही.
▪️ *सिकेटर* : बोटाएवढ्या फुटव्यांसाठी.
▪️ *वाकड्या पात्याची करवत* : छाटणीचं खरं हत्यार हेच. ओढताना कापते, एका हाताने चालते, दुसरा हात झाडाला राहतो.
▪️ *शिडी* : चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर. वरचं टोक झाडाला बांधलेलं. जांभ्या दगडावर पाय सरकतो, म्हणून खाली माणूस धरून.
▪️ *दोर आणि पट्टा* : अंगाला पूर्ण बसणारा सुरक्षा पट्टा आणि चांगला नायलॉनचा दोर. काथ्याचा जुना दोर फांदी ओढायला चालेल, माणसाला नाही. दोर डोक्याच्या वरच्या जाड फांदीला बांधा आणि कापाच्या वाटेत येणार नाही असा ठेवा.
▪️ *हेल्मेट, चष्मा, बूट.* खालच्या माणसालाही हेल्मेट. फांदी त्याच्याच डोक्यावर पडते.

*4️⃣ चेनसॉ वापरणाऱ्यांसाठी*

मशीनने काम लवकर होतं, पण ते माफ करत नाही.

🔸 शिडीवर उभं राहून चेनसॉ नाही. एका हाताने नाही. खांद्याच्या वर नाही. कंपनीच्या अवजार बँकेतली मशीन फक्त जमिनीवर, पडलेल्या फांद्यांचे तुकडे करायला मिळेल. झाडावरची जाड फांदी मशीननेच काढायची असेल तर प्रशिक्षित माणूस बोलवा.
🔸 पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येते. टोकाने कापू नका. सुरू करण्याआधी चेन ब्रेक काम करतोय का बघा.
🔸 लुंगी, गमछा, सैल बाह्या नको. कानात इअरप्लग.
🔸 इंधन : बऱ्याच टू-स्ट्रोक मशीनना 1 लिटर पेट्रोलला 20 मिली टू-टी ऑइल लागतं, पण आपल्या मशीनची पुस्तिका बघूनच मिसळा. चेनचं ऑइल वेगळं, त्याची टाकी वेगळी. गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतू नका. जिथे भरलं तिथेच सुरू करू नका, दहा पावलं लांब जा.
🔸 चेनमधून लाकडाचे कण पडण्याऐवजी पिठासारखा भुसा पडायला लागला की धार गेली. बोथट चेनवर माणूस जोर लावतो आणि तोल जातो. गोल कानशीने प्रत्येक दाताला सारखेच हात मारा.

*5️⃣ काप कसा घ्यायचा : तीन कापांची पद्धत*

जाड फांदी वरून एकाच कापात कापली तर अर्धी कापली जाताच वजनाने मोडते आणि खालची साल खोडापर्यंत सोलत नेते. ती जखम वर्षानुवर्षं भरत नाही, भिरूड तिथूनच आत जातो. म्हणून :

*पहिला काप खालून.* खोडापासून एक-दीड फुटावर, फांदीच्या पाव जाडीपर्यंत. करवत अडकायच्या आत थांबा.
*दुसरा काप वरून.* पहिल्या कापापासून दोन-तीन इंच शेंड्याकडे. फांदी इथे तुटते आणि साल पहिल्या कापाशी थांबते.
*तिसरा काप खुंटाचा.* फांदी खोडाला जिथे मिळते तिथे फुगीर गळा दिसतो. गळ्याच्या लगेच बाहेर कापा. गळा कापला तर जखम मोठी होते. लांब खुंट ठेवला तर तो सुकतो, कुजतो आणि कूज आत नेतो.

मुख्य फांदी 12-15 फुटांवर थांबवतानाही पहिले दोन काप असेच घ्या. शेवटचा काप थोडा तिरका, पाणी साचणार नाही असा. लांब फांदी एकदम सोडू नका, शेंड्याकडून तुकडे करत या. आणि ज्या फांदीवर उभे आहात ती कापू नका. शेखचिल्लीची गोष्ट आपण हसत सांगतो, पण बागेत बहुतेक वेळा असं होतं की कापलेली फांदी झोका घेऊन शेजारच्या फांदीवरच्या माणसाला लागते. म्हणून फांदी जड असेल तर दोर बांधून हळू सोडा.

*बांडगूळ* नुसतं ओरबाडून उपयोग नाही, मूळ फांदीत राहतं आणि पुन्हा फुटतं. ते जिथे चिकटलंय त्याच्या फूटभर खाली फांदी कापा. पक्षी त्याची फळं खाऊन बी पसरवतात, म्हणून फळं पिकण्याआधी काढा.

*6️⃣ त्याच दिवशी बोर्डो पेस्ट*

संध्याकाळपर्यंत प्रत्येक मोठ्या कापाला पेस्ट लागली पाहिजे.

मोरचूद 1 किलो + कळीचा चुना 1 किलो + पाणी 10 लिटर.

मोरचूद 5 लिटर पाण्यात विरघळवा, चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये विझवून गाळून थंड करा. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता आणि ढवळत राहा. भांडी प्लॅस्टिकची, लोखंडाची किंवा जस्ताची नको. तपासायला स्वच्छ लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवा. तांबूस थर चढला तर अजून चुना घाला. केली त्याच दिवशी वापरा. हातमोजे घाला, चुना डोळ्यात जाऊ देऊ नका.

उघड्या पडलेल्या खोडाला ऊन लागून साल भाजते, त्याला चुन्याचा हात द्या. पुढच्या पावसाआधी पेस्ट पुन्हा एकदा.

*7️⃣ पुढचे सहा महिने*

▪️ छाटलेल्या कलमावर दर आठवड्याला नजर. खोडाच्या भोकातून भुसा येत असेल तर तारेच्या आकड्याने अळी बाहेर काढून मारा, भोक ओल्या मातीने बंद करा. फोटो पाठवा, औषधाचं आम्ही बघून सांगू.
▪️ फुटवे झुडपासारखे येतील. सगळे ठेवू नका. बाहेरच्या दिशेला जाणारे, अंतर राखून असलेले जोमदार फुटवे ठेवा, बाकीचे सिकेटरने काढा.
▪️ सोय असेल तर पाणी द्या, खोडाभोवती पाल्याचं आच्छादन करा. खत पुढच्या पावसाच्या तोंडावर.
▪️ या कलमांना घेर पुन्हा नीट येईपर्यंत कल्टार देऊ नका. आता त्याला वाढू द्यायचंय, थांबवायचं नाही.
▪️ काटेरी झुडपांचा पाला-फांट्या वईला लावा, आंब्याचं जाड लाकूड बागेत ढीग करून ठेवू नका. भिरूड तिथेच वाढतो.

*8️⃣ माणूस पडला तर*

🚑 उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, मोटरसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. मान आणि पाठ हलू न देता आहे तिथेच ठेवा, 108 ला फोन करा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. तारेला चिकटला असेल तर वीज बंद झाल्याशिवाय हात लावू नका.

आता एक गोष्ट, जी आपण कायम पुढे ढकलतो. *गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत* सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातली एक व्यक्ती येते. अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात 30 दिवसांत अर्ज करावा लागतो. पण आपल्या झाडावर चढतो तो बहुतेक वेळा मजूर, आणि तो यात येत नाही. त्याचं बँक खातं असेल, वय 18 ते 70 असेल तर *प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा* हप्ता वर्षाला फक्त 20 रुपये आहे, अपघाती मृत्यूला 2 लाख. एक करवतीचं पातं त्याहून महाग पडतं. काम सुरू करण्याआधी त्याला बँकेत घेऊन जा, हप्ता तुम्हीच भरा.

*या आठवड्यात एवढंच करा :*
1. कोणती कलमं छाटायची त्यांच्या खोडाला चुन्याची खूण करा.
2. तारेजवळची कलमं वेगळी लिहून ठेवा.
3. एका कलमाचे दोन फोटो पाठवा, एक लांबून पूर्ण झाडाचा, एक फांदीच्या बुडाचा. कुठे कापायचं ते फोटोवर रेघ मारून परत पाठवतो.

सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट अवजार बँकेतून नेण्यासाठी "पट्टा" असं लिहून उत्तर द्या. ज्यांची नोंद आधी, त्यांना आधी.

– तुमचा कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌿