सावत्र भाऊ



मराठी भाषेने नात्यांची नावे मोठ्या बारकाईने ठेवली आहेत. आत्या निराळी, मावशी निराळी. दीर निराळा, मेहुणा निराळा. परंतु एका नात्यापाशी येताच ही बारकाई थांबते. पिता एक पण माता दोन, असे भाऊ सावत्र. माता एक पण पिता दोन, तेही सावत्र. आणि रक्ताचा काहीच संबंध नसता, केवळ एकाच्या वडिलांनी दुसऱ्याच्या आईशी विवाह केला म्हणून एका छपराखाली आलेली मुले, तीही सावत्रच. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने सख्खे, एका पित्याचे आणि एका मातेचे असे भेद केले आहेत. आपल्या बोलीने ते केले नाहीत. शिवाय या शब्दाचे कूळही पाहण्यासारखे आहे. 'सवत' हा शब्द संस्कृत 'सपत्नी'पासून आला, 'सावत्र' त्याच कुळातला, आणि संस्कृतात 'सपत्न' म्हणजे शत्रू! जन्मतःच वैराची आठवण घेऊन आलेला हा शब्द घरात नव्याने आलेल्या मुलांच्या माथी आपण सहज मारतो.

आपल्या हातोदसारख्या गावी एखाद्या विधुराने दुसरा विवाह केला, आणि नवी आई आपली लहान मुलगी घेऊन घरात आली, तर ओट्याओट्यावर चार दिवस तीच चर्चा चालते. लोकांचे डोळे लागलेले असतात ते घरातील थोरल्या मुलाकडे. तो चौदापंधरा वर्षांचा असतो. आईची आठवण अद्याप ताजी असते. तो भांडत नाही, रुसत नाही. नव्या बहिणीची वही-पुस्तके ठेवण्यासाठी आपल्या फळीवर जागा करून देतो. लोक म्हणतात, "पोरगा मोठा शहाणा हो!" हे शहाणपण म्हणजे नेमके काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम आपल्या भोवतालचाच दाखला घेऊ. इंदूरचे तुकोजीराव होळकर १७९७ च्या ऑगस्ट महिन्यात निवर्तले. काशीराव आणि मल्हारराव हे त्यांचे औरस पुत्र. यशवंतराव आणि विठोजी हे अनौरस, म्हणून वारशाच्या पंक्तीत त्यांना पाट नव्हता. शब्दकोशाच्या न्यायाने पाहू गेल्यास वैर या दोन जोड्यांत व्हावयास हवे होते. घडले ते उलटेच. हक्काचे मानलेले दोघे भाऊ गादीसाठी एकमेकांविरुद्ध उभे ठाकले आणि सावत्र भाऊ मल्हाररावाच्या पाठीशी राहिले. काशीरावाने दौलतराव शिंद्यांचे साहाय्य घेतले. त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्याजवळ शिंद्यांच्या फौजेने मल्हाररावाच्या तळावर छापा घातला व त्यात तो मारला गेला. पुढे त्या घराण्यात सत्तेसाठी जे घडले ते अनुकरणीय खचितच नव्हे. तथापि कोण आपला आणि कोण परका हे जन्मावरून ठरत नाही, एवढे या एका प्रसंगाने सिद्ध होते.

दुसरा दाखला छत्रपती राजाराम महाराजांचा. संभाजी महाराजांचा जन्म १६५७ चा, मातोश्री सईबाई. राजाराम महाराजांचा जन्म १६७० चा, मातोश्री सोयराबाई. १६८० च्या एप्रिलात शिवछत्रपती निवर्तले आणि दरबारातील काही वडीलधाऱ्यांनी दहा वर्षांच्या राजारामांस मंचकावर बसविले. भावाविरुद्धचा हा बेत त्या बालकाने रचला नव्हता. थोरांच्या पटावरील ते एक प्यादे होते. पुढे संभाजी महाराज गादीवर आले आणि राजाराम राजकारणापासून दूर, रायगडावर वाढले. मनात अढी धरावयाची असती तर तिला नऊ वर्षांचा अवकाश मिळाला होता.

१६८९ मध्ये संभाजी महाराज शत्रूच्या हाती सापडून मारले गेले. रायगडास वेढा पडला. त्या वेळी राजाराम अवघे एकोणीस वर्षांचे होते. सावत्र दिराने गड सोडून राज्य वाचवावे आणि आपण पुत्र शाहूसह गडावर राहावे, असा निर्णय येसूबाईंनी घेतला. आपल्या पोटच्या मुलाचे भवितव्य तिने सावत्र दिराच्या हाती सोपविले, हे लक्षात घ्या. राजाराम एप्रिलात निसटले व दूर दक्षिणेत जिंजीस पोहोचले. नोव्हेंबरात रायगड पडला, येसूबाई व शाहू कैद झाले. जिंजीहून राज्य चालवितानाही, हे राज्य शाहूचे, तो सुटून आला की त्याचेच, ही भूमिका राजारामांनी पत्रातून मांडली. एके काळी ज्याला भावाच्या जागी बसविले होते, त्यानेच भावाच्या मुलाची जागा राखली.

राजघराण्यांचे दाखले दूरचे वाटत असतील, तर एका शिक्षकाचे घर पाहू. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुण्यात पुनर्विवाह केला. याच पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. मुरूड या कर्व्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पहिल्या विवाहाचा मुलगा रघुनाथ त्या वेळी अकरा वर्षांचा होता. घरात पुढे शंकर, दिनकर व भास्कर हे धाकटे भाऊ आले. बाहेर लोकनिंदा चालू असता रघुनाथ अभ्यास करीत राहिला आणि १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिला आला. पण हा मुलगा पुढे मुका राहिला असे समजू नका. १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून त्याने लोकांना न रुचणारी मते निर्भयपणे मांडली आणि त्यासाठी न्यायालयाची पायरीही चढली.

यावरून शांतपणाचे दोन प्रकार ध्यानी येतात. एक राखेखालच्या निखाऱ्याचा: वर काही दिसत नाही, पण आत धग असते. "तू मोठा, तू समजूतदार" असे सारखे ऐकून ज्या मुलाला रडण्याचीही चोरी होते, त्याचा शांतपणा या जातीचा. दुसरा समईचा: ती स्थिर असते, पण तिच्या प्रकाशात घरातले सारे दिसते. असा मुलगा वडीलधाऱ्यांच्या भांडणात प्यादे होत नाही. इकडचे तिकडे सांगत नाही. नव्या आईला 'आई' म्हणण्यास जीभ वळली नाही तर 'मावशी' म्हणतो, पण आदराने म्हणतो. आणि मन भरून आले तर कोणापाशी तरी बोलतो.

पालकांसही दोन शब्द. घरातील मुलगा शांत आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. गेलेल्या आईची तसबीर भिंतीवरून उतरवू नका. तिचे नाव घरात मोकळेपणाने निघू द्या. मुलाची स्तुती करण्यापूर्वी त्याला जवळ बसवून विचारा, "बाळ, तुला कसे वाटते?" उत्तर लगेच मिळणार नाही, पुन्हा विचारा. ज्या घरात हा प्रश्न विचारला जातो, तेथील मुलांच्या तोंडून 'सावत्र' हा शब्द हळूहळू गळून पडतो आणि 'माझी बहीण', 'माझा दादा' एवढेच उरते.