शून्य कसं मिळालं ते सांगते

गुंदच्या पोरांना शून्य गुण मिळाले, ही बातमी आमच्या तालुक्याच्या ठिकाणी, जोयड्यापर्यंत, पोचायला एक दिवससुद्धा लागला नाही. ते का मिळाले, हे विचारायला मात्र आजवर कोणी आलेलं नाही. मी आता डिप्लोमा करते आहे, आमच्या टीममधला एक जण घरच्या बागायतीत लागला, दुसरा धारवाडला शिकतो, आणि तरी कुठल्या लग्नात गेलं की कोणीतरी हटकून विचारतं, "तुम्हीच ना ते कॉम्प्युटरवाले?" म्हणून एकदा सगळं लिहून काढते. आमच्या भागातून किंवा अशाच एखाद्या रानातल्या गावातून कोणी टीम घेऊन निघणार असेल, तर त्यांच्या उपयोगी पडेल.

हायस्कूलच्या मुलांची प्रोग्रामिंगची स्पर्धा. तीन जणांची टीम, टीमला एक कॉम्प्युटर, वेळ तीन तास. भरवणारं शहरातलं एक कॉलेज. त्याचं नाव मी घेत नाही.

तयारी आमची चांगली होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. मामाने सुट्टीत येऊन पायथॉन शिकवलं आणि जुना लॅपटॉप आमच्याकडे ठेवून गेला. काळी नदीवरचं सुप्याचं 101 मीटर उंचीचं धरण आमच्याच तालुक्यात आहे, त्या पाण्यावर वीज तयार होते, आणि पावसाळ्यात गुंदची लाइट गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. त्यामुळे आम्ही बहुतेक प्रोग्राम वहीत लिहायचो. एकाने लिहायचा, दुसऱ्याने बोट ठेवून ओळीओळीने चालवून बघायचा, कुठल्या ओळीला कुठल्या चलाची किंमत किती झाली ते समासात मांडायचं. लाइट आली की फक्त टाइप करायचं. शहरातल्या क्लासला जाणाऱ्या किती मुलांना हे येतं, मला शंका आहे.

स्पर्धेचं पत्रक एक पानी, इंग्रजीत. आम्ही कन्नड माध्यमाचे, घरी मराठी आणि कोंकणी. पत्रकात फी, तारीख, सकाळी साडेआठला हजर राहायचं, कॉलेजमध्ये येताना पोशाख कसा असावा, हे सगळं होतं. प्रोग्राम तपासणार कसा, हे नव्हतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी सरावाची लिंक पाठवली, असं ते म्हणतात. आदल्या संध्याकाळी आम्ही हल्याळला मावशीकडे होतो, कारण गुंदहून सकाळी निघून साडेआठला तिथे पोचणारी बसच नाही. लिंक गेली सरांच्या फोनवर, आणि सर गुंदला. गुंदला रेंज कशी असते, ते आमच्याकडे येऊन गेलेल्या कोणालाही विचारा.

आता त्या प्रॉब्लेमबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळं त्यातच आहे.

रोजचा पाऊस दिलेला. सलग के दिवसांत जास्तीत जास्त एकूण पाऊस किती पडला, ते काढा. उदाहरणार्थ पाऊस 12, 40, 7, 55, 30 आणि के म्हणजे 3. पहिल्या तीन दिवसांची बेरीज 59, पुढची 102, त्यापुढची 92. उत्तर 102. पाऊस मोजायचा प्रॉब्लेम आणि आम्ही जोयड्याचे! आमच्यातल्या बागायतवाल्याने तो वाचता वाचता सोडवला. प्रत्येक वेळी नव्याने बेरीज कशाला करायची, तो म्हणाला. 59 मधून गेलेला दिवस 12 काढ, आलेला दिवस 55 घाल, झाले 102. त्यातून 40 काढ, 30 घाल, झाले 92. दिवस एक लाख असोत की दहा लाख, एकदा सरळ चालत जायचं. नववीतल्या मुलाने, कोणी न शिकवता, कागदावर. ही रीत कॉलेजच्या पुस्तकांत असते, हे मला नंतर कळलं.

आम्ही टाइप केलं, दिलेलं उदाहरण घालून बघितलं, स्क्रीनवर 102 आलं. सबमिट केलं. लाल अक्षरांत उत्तर आलं: रॉंग आन्सर.

पुन्हा वाचलं. पुन्हा सबमिट. लाल. समोरच्या भिंतीवर स्कोअरबोर्ड, त्यात आमच्या शाळेच्या नावापुढे चुकीच्या खुणा वाढताना सगळा हॉल बघतोय. जज, म्हणजे प्रोग्राम तपासणारी यंत्रणा, चूक म्हणते म्हणजे चूकच असणार, असं आम्ही धरलं, दुसरं काय धरणार? मग संशय त्या मुलाच्या रीतीवर गेला. ती काढून सरळ दोन लूप घातले, प्रत्येक वेळी पहिल्यापासून बेरीज. तेही लाल. मग दुसरा प्रॉब्लेम, तोही लाल. तिसराही. तो मुलगा हळूहळू बोलायचाच बंद झाला. तीन तास संपले तेव्हा त्याने वही मिटून दप्तरात टाकली होती.

बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या टाकीशी त्याच कॉलेजचा एक विद्यार्थी भेटला, गळ्यात स्वयंसेवकाचा बिल्ला. त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, दाखवा बघू काय लिहिलं होतं. वही दाखवली. त्याने पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि विचारलं, "हे काय छापता?"

पहिल्या ओळीत आम्ही लिहिलं होतं: किती दिवस? दुसरीत: पाऊस सांगा. इनपुट घेताना कंसात असा मजकूर लिहायचा, म्हणजे समोरच्याला कळतं काय भरायचं. मामाने तसंच शिकवलं, शाळेच्या पुस्तकांत तसंच असतं, आणि माणसासाठी प्रोग्राम लिहिताना तेच बरोबर आहे. पण तिथे समोर माणूस नव्हता. आपला प्रोग्राम जे जे छापतो, ते सगळं जज उत्तर म्हणून धरतो आणि त्याच्याकडच्या फाइलशी ताडून बघतो. त्याच्या फाइलमध्ये 102. आमच्याकडून गेलं, किती दिवस, पाऊस सांगा, 102. स्क्रीनवर आम्हाला ते बरोबर दिसत होतं, कारण आम्ही ते माणसासारखं वाचत होतो.

त्या स्वयंसेवकाने स्वतःच्या लॅपटॉपवर वहीतला तोच प्रोग्राम टाइप केला, पहिलीच रीत, कंस रिकामे ठेवून. हिरवं. सगळ्या टेस्ट केस पास.

मी तिथे उभी होते आणि माझ्या कानशिलात काहीतरी धडधडत होतं. आमचा सोबती भिंतीला टेकून त्या हिरव्या अक्षरांकडे बघत राहिला. त्याला एवढंच विचारायचं होतं, "म्हणजे माझं बरोबर होतं?" बरोबर होतं रे. पहिल्या दहा मिनिटांत बरोबर होतं.

आम्ही मुख्य आयोजकांकडे गेलो. निकाल बदला, असं म्हणायला गेलो नव्हतो. ही गोष्ट सुरुवातीला सांगायला हवी होती, एवढंच म्हणायचं होतं. ते खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, कॉम्प्युटरचा निर्णय अंतिम. आम्ही आयसीपीसीचे नियम लावतो, लिंक पाठवली होती, बाकीच्यांना कसं कळलं? मग आमच्या शाळेचं नाव विचारून शेजारच्याला कन्नडमध्ये म्हणाले, अशा ठिकाणच्या मुलांनी अनुभव म्हणून यायचं असतं. आम्हाला कन्नड येत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

बाकीच्यांना कसं कळलं, याचं उत्तर सोपं आहे. बाकीचे क्लासमधून आले होते आणि वर्षभर कोडशेफ या वेबसाइटवर सराव करत होते.

आयसीपीसीचे नियम मी नंतर मुळातून वाचले. ती कॉलेजच्या मुलांची जागतिक स्पर्धा. तिथेही तिघांना एक कॉम्प्युटर, वेळ पाच तास, आणि सुटलेल्या प्रॉब्लेमवर आधी केलेल्या प्रत्येक चुकीच्या सबमिशनचा वीस मिनिटांचा दंड. वेळ सोडली तर हे सगळं या कॉलेजने उचललं. पण तिथे मुख्य स्पर्धेच्या आधी सरावाची फेरी असते, त्याच हॉलमध्ये, त्याच यंत्रांवर, जजचं वागणं समजून घ्यायला. अंतिम फेरीत टीमला आपल्या टिपणांची 25 पानंसुद्धा नेता येतात. आमची वही आधी दारातच काढून घेत होते, कोरी पानं दाखवली तेव्हा आत सोडली. शाळकरी मुलांची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाड, 1989 पासून चालते, पहिली बल्गेरियातल्या प्रावेट्सला झाली. तिथे देशाची चार मुलं जातात, गुण प्रत्येकाचे वेगळे. त्यांनाही आधी सराव मिळतो, आणि प्रश्न इंग्रजीत कळत नसतील तर त्या त्या देशाचे शिक्षक आदल्या रात्री बसून आपल्या भाषेत उतरवतात. जगातली निवडक हुशार मुलं, त्यांना एवढं सांभाळून घेतात. आम्हाला तीन तास लाल अक्षरं दाखवली.

तर जाणाऱ्यांनी काय करावं. फी भरण्याआधी शाळेकडून लेखी विचारून घ्या की तपासणारा माणूस आहे की जज. जज असेल तर कोणता, आणि स्पर्धेच्या दिवशी तिथल्याच यंत्रावर सराव आहे का. नसेल तर निदान एक सोपा प्रॉब्लेम त्याच जजवर आधी सोडवायला मागा. यावर फोनवर "हो हो, सगळं सांगू" असं उत्तर मिळतं. ते ऐकून गप्प बसू नका.

पहिल्या दिवसापासून मुलांना इनपुटचा कंस रिकामा ठेवायला शिकवा. उत्तराखेरीज एक अक्षर छापायचं नाही. दोन संख्या एका ओळीत मागितल्या असतील तर एका ओळीत, मध्ये मोकळी जागा एक. नमुन्याचं उत्तर डोळ्यांनी ताडू नका. इनपुट एका फाइलमधून द्या, आउटपुट दुसऱ्या फाइलमध्ये घ्या, आणि ती उघडून बघा. त्या फाइलमध्ये आमची किती दिवस ही ओळ तेव्हाच समोर दिसली असती. पहिल्याच टेस्ट केसला चूक येत असेल आणि नमुना बरोबर येत असेल, तर रीत बदलण्याआधी छपाई तपासा.

वेळेची मर्यादाही समजून घ्या. दोन लूपचा आमचा बदललेला प्रोग्राम, कंस रिकामे असते तरी मोठ्या टेस्ट केसला पडलाच असता. दिवस एक लाख आणि के पन्नास हजार असेल तर अडीचशे कोटी बेरजा होतात. पायथॉन सेकंदाला साधारण कोटीच्या आसपास साध्या क्रिया करतो, आणि जज एखाददोन सेकंद देतो. त्या मुलाच्या रीतीत दोन लाख क्रिया पुरतात. म्हणजे यंत्राने आम्हाला चुकीच्या गोष्टीवर संशय घ्यायला लावून बरोबर रीत टाकायला लावली. हे मला अजून सहन होत नाही.

एका कॉम्प्युटरवर तिघांनी गर्दी करू नये. टाइप करणारा एक, बाकीचे दोघे कागदावर. ज्याचा कागद पूर्ण झाला त्यानेच कीबोर्ड मागायचा. आत्मविश्वास ठेवावा, वेळेवर झोपावं, हे सगळे सांगतात, मीही सांगते. हल्याळच्या स्टँडवर वडे खाऊन जाऊ नका.

आणि सुरुवात शहरातल्या अशा स्पर्धेने करू नका. आयएआरसीएस ही संस्था भारताच्या ऑलिंपियाडसाठी झोनल परीक्षा घेते, तिचा इन्फॉर्मॅटिक्सचा पेपर कागदावरच असतो. कोड लिहायचाच नाही, दिलेल्या संख्यांवर विचार करून उत्तर काढायचं. लाइट नसलेल्या घरातली मुलं त्यासाठी जशी तयार होतात, तशी कोणी होत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. लहान वर्गांसाठी बेब्रास आहे. लिथुएनियात 2004 साली सुरू झालेली ही स्पर्धा आपल्याकडे सीएसपाठशाला चालवते, आणि प्रश्न मराठीत व कन्नडमध्येही मिळतात. यातलं काही आम्हाला आधी माहीत नव्हतं, कारण शाळेत पत्रक आलं ते फक्त त्या कॉलेजचं.

घरच्यांना एक विनंती. मुलं शून्य घेऊन आली तर पहिल्यांदा त्यांची वही मागा. आमच्या सोबत्याच्या वडिलांना कोणीतरी सांगितलं की पोराला डोकं नाही, उगाच पैसे घातले. त्यांनी वही मागितली असती तरी त्यांना ती वाचता आली नसती, हे मला कळतं. पण मी समजावून सांगायला घरी गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं, सुपारी पुढे केली, आणि विषय बदलला. पुढच्या वर्षी त्याने कॉम्प्युटरला हात लावला नाही.

डिप्लोमाला आल्यावर मी त्या कॉलेजला पत्र लिहिलं. आमचे गुण द्या, असं त्यात नव्हतं. पुढच्या पत्रकात एक ओळ घाला, की प्रोग्रामने उत्तराखेरीज काहीही छापू नये, आणि ती कन्नडमध्येही घाला, एवढंच लिहिलं. रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पोचपावती माझ्याकडे आहे. उत्तर आलं नाही. त्यांचं नवं पत्रक शाळेत आलं तेव्हा सरांकडून मागून घेऊन वाचलं. फी वाढली आहे. ती ओळ नाही.