आयजीजी पॉझिटिव्ह, म्हणजे नेमकं काय?

पेडण्यातल्या एका कॉलेजकुमाराला ऐन पावसात ताप भरला. गोव्यात अशा वेळी आधी डेंग्यूची तपासणी होते, ती निगेटिव्ह आली. घसा सुजला, मानेला दोन्ही बाजूंनी गाठी आल्या. घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या घेतल्यावर अंगभर लाल पुरळ उठलं. मग लॅबचा रिपोर्ट आला: ‘ईबीव्ही आयजीजी पॉझिटिव्ह’. घरच्यांनी ग्रंथिज्वराचं (मोनोन्यूक्लिओसिसचं) निदान करून टाकलं.

डिचोलीच्या डॉक्टरांनी मात्र घाई केली नाही. ईबीव्ही म्हणजे एपस्टाइन-बार विषाणू; त्याची आयजीजी प्रतिपिंडं जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात असतात. आपल्याकडे बहुतेकांना हा संसर्ग बालपणीच, नकळत होऊन जातो. कदाचित त्या रिपोर्टात जुनीच नोंद असेल.

या विषाणूचा आणि ग्रंथिज्वराचा संबंध अशा प्रतिपिंडांमुळेच उघड झाला. फिलाडेल्फियात वेर्नर आणि गेर्ट्रूड हेन्ले या दांपत्याच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ तरुणीच्या रक्तात ही प्रतिपिंडं नव्हती. १९६७ मध्ये तिला ग्रंथिज्वर झाला, आणि त्यानंतरच्या नमुन्यात प्रतिपिंडं सापडली. आजारापूर्वीचं रक्त तपासलेलं होतं, म्हणून फरक कळला.

पेडण्याच्या मुलाचं आधीचं रक्त कुणी तपासलं होतं?

म्हणून तीन प्रतिपिंडं एकत्र पाहावी लागतात. व्हीसीए (विषाणूच्या कवचाविरुद्धचं) आयजीएम आजाराच्या सुरुवातीला दिसतं आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत मावळतं. व्हीसीए आयजीजी जन्मभर टिकतं. ईबीएनए (विषाणूच्या केंद्रकीय प्रथिनाविरुद्धचं) आयजीजी मात्र दोन ते चार महिन्यांनी उगवतं. आयजीएम आहे आणि ईबीएनए नाही, तर संसर्ग ताजा. आयजीएम नाही आणि ईबीएनए आहे, तर तो जुना, आताच्या तापाचं कारण बहुधा दुसरं. मोनोस्पॉट ही ग्रंथिज्वराची झटपट चाचणी स्वस्त असली तरी पहिल्या आठवड्यात आणि लहान मुलांत ती फसवू शकते.

चित्र जुळत नसेल, तर सायटोमेगॅलो विषाणू, टोक्सोप्लाझ्मा आणि नुकताच झालेला एचआयव्ही संसर्ग यांचा विचार डॉक्टरांना करावा लागतो. काजूच्या हंगामात सत्तरीच्या रानात जाऊन आलेल्याने तेही सांगावं. तिथे माकडताप आढळलेला आहे. अमॉक्सिसिलिननंतरचं पुरळ ग्रंथिज्वरात नेहमीचं; तेवढ्यावरून कायमची अ‍ॅलर्जी ठरवू नये.

निदान पक्कं झालं, की निदान तीन आठवडे फुटबॉल बंद. या आजारात सुजलेली प्लीहा धक्क्याने फुटू शकते. पोटात डाव्या बाजूला वर अचानक कळ आली, तर रिपोर्टची वाट न पाहता इस्पितळ गाठावं.