दुसरा क्लास घेण्याआधी

पुणे, रविवार रात्र

प्रिय भाचीबाई,



परवा फोनवर तू एका दमात सांगितलंस, "मामा, पुढच्या लेव्हलला मी विझर्ड घेणार. तलवारही माझी, मंत्रही माझे!" मी नुसतं "बघू" म्हणालो आणि तुझा आवाज उतरला. फोनवर चार वाक्यांत संपणारी ती गोष्ट नव्हती, म्हणून हे पत्र लिहितो आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स पहिल्यांदा खेळलो तेव्हा मी तुझ्याहून पाचसहा वर्षांनीच मोठा होतो. तुझ्यापुढे आहे तोच प्रश्न तेव्हा माझ्यापुढेही आला, आणि मी त्याचं उत्तर चुकीच्या कारणासाठी दिलं.

आधी हिशोब मांडू. तुम्ही 2014 च्या पाचव्या आवृत्तीने खेळता. त्यात मल्टिक्लास, म्हणजे एकाच कॅरेक्टरने दोन क्लास घेणं, हा ऐच्छिक नियम आहे; खेळ चालवणारा डीएम हो म्हणाला तरच लागू. जुन्या आणि नव्या, दोन्ही क्लासना लागणारे गुण किमान 13 हवेत. फायटरला स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी, विझर्डला इंटेलिजन्स. तुझी स्ट्रेंग्थ 16 आणि इंटेलिजन्स 13, म्हणजे नियमाने तुला कोणी अडवत नाही. पण एकूण लेव्हल वीसच असतात. विझर्डची प्रत्येक लेव्हल तू फायटरच्या शेवटच्या लेव्हलांतून कापून घेणार आहेस, आणि मधल्या काळात फायटरचं जे मिळायचं ते तेवढं उशिरा मिळणार आहे.

आज तू चौथ्या लेव्हलची फायटर आहेस. पाचवी ही या खेळातली मोठी पायरी. तिथे फायटरला एका पाळीत दोन वार मिळतात. तुमच्या विझर्डला तिसऱ्या पातळीचे मंत्र मिळतात, त्यात सहा बाजूंचे आठ फासे टाकायला लावणारा फायरबॉल असतो. क्लेरिकला नुकत्याच मेलेल्या सोबत्याला परत आणता येतं. डीएमचे शत्रूही तेव्हापासून त्याच मापाने वाढतात. नेमक्या त्या पायरीवर तू विझर्डची पहिली लेव्हल घेतलीस, तर तुझ्या पदरात पडतील तीन कँट्रिप, वहीत सहा मंत्र आणि पहिल्या पातळीचे दोन स्लॉट. वार मात्र एकच राहील. शिवाय मंत्राचा धाक कमी. तो चुकवायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा म्हणजे आठ, अधिक प्रोफिशियन्सी, अधिक इंटेलिजन्सचा मॉडिफायर. पाचव्या लेव्हलला तुझा होतो 12. तुमची विझर्ड खेळणाऱ्या तुझ्या मैत्रिणीचा इंटेलिजन्स 18 आहे, तिचा होतो 15. त्या तीन आकड्यांत कितीतरी लढाया फिरतात.

आता माझी गोष्ट. 2001 साली मी विस्कॉन्सिनमध्ये शिकत होतो. हा खेळ त्याच राज्यातला. लेक जिनिव्हा या लहान गावात गॅरी गायगॅक्सने डेव्ह आर्नेसनच्या साथीने 1974 साली तो छापून आणला. आमच्या घोळक्यात खेळली जायची ती तेव्हा वर्षभरापूर्वी आलेली तिसरी आवृत्ती. तिने एक मोठी मोकळीक दिली होती: प्रत्येक लेव्हलला हवा तो क्लास घ्या. मी परदेशात नवा, इंग्रजी बोलताना अडखळणारा, टेबलाभोवतीचे बाकीचे चौघं एकमेकांचे जुने दोस्त. आपण कुणावर ओझं होऊ नये, कुणाकडे काही मागावं लागू नये, असं मनात घट्ट होतं. म्हणून मी फायटरच्या चार आणि विझर्डच्या चार लेव्हल घेतल्या. माझ्याकडे सगळं असणार होतं.

आठव्या लेव्हलला आमच्यापुढे ट्रोल उभा राहिला. ट्रोलच्या जखमा आपोआप भरतात; त्याला संपवायचा तर आग लागते किंवा आम्ल. आमच्या फायटरचा वार माझ्यापेक्षा खूप पक्का बसत होता. आमच्या विझर्डकडे चौथ्या पातळीचे मंत्र होते, मी दुसऱ्या पातळीवरच होतो. तरी माझ्याकडे आम्लाचा बाण होता आणि मी तो सोडायचं ठरवलं. पण अंगावर साखळ्यांचं चिलखत होतं, आणि त्या आवृत्तीत अशा चिलखतातून केलेला मंत्र वाया जाण्याची शक्यता 30 टक्के असायची. फासा टाकला, मंत्र वाया गेला. पुढच्याच पाळीत ट्रोलने मला पाडलं. तेव्हा आमची क्लेरिक ट्रोलच्या पंज्याखालून पुढे आली, त्यात तिने स्वतः मार खाल्ला, आणि तिच्याजवळ उरलेला शेवटचा उपचार तिने माझ्यावर खर्च केला. फायटरने ट्रोलला अडवून धरलं आणि विझर्डच्या आगीने तो संपला.

त्या रात्री खोलीवर परतताना बर्फातून चालत मी विचार करत राहिलो. चौघांपैकी प्रत्येकाच्या अंगी एक गोष्ट पुरी होती आणि दुसरी अजिबात नव्हती. त्यामुळे त्यांना एकमेकांकडे बघावंच लागत होतं. मी मात्र कुणाकडे बघायला लागू नये असंच कॅरेक्टर बांधलं होतं, आणि अडचणीच्या वेळी मलाच सगळ्यांची सर्वांत जास्त गरज पडली होती.

हे मी तुला का सांगतो? कारण फोनवर तू सहज आणखी एक वाक्य बोललीस: "ती कधीकधी येत नाही ना मामा, मग जादू कोण करणार?" तुझा खरा विचार त्या वाक्यात होता. तुला विझर्ड व्हायचं नाही. मैत्रीण आली नाही तर आपलं अडू नये, एवढंच तुला हवं आहे. या कारणासाठी दुसरा क्लास घेऊ नकोस. त्याने तिची उणीव भरणार नाही, कारण पहिल्या लेव्हलची विझर्ड पाचव्या लेव्हलच्या विझर्डची जागा घेऊ शकत नाही. आणि ती येईल त्या दिवशी तिला वाटेल, आपलं काम दुसरं कुणी करू लागलं आहे.

"एक ना धड भाराभर चिंध्या" असं म्हणून मी तुला कायमचं थांबवत मात्र नाही. दोन कसबं एका अंगात असावीत ही हौस या खेळाइतकीच जुनी आहे. 1974 च्या पहिल्या पुस्तिकांतही एल्फला एका मोहिमेत लढवय्या आणि दुसरीत जादूगार होता येत असे. पण त्याची किंमत नेहमीच लावली गेली. 1981 च्या बेसिक नियमांत लढणं आणि जादू दोन्ही येणाऱ्या एल्फला दुसरी लेव्हल गाठायला 4000 अनुभवगुण लागत, फायटरला फक्त 2000. गायगॅक्सने ज्या लेखकांचं ऋण मानलं त्यांत फ्रिट्झ लायबर होता. त्याचा ग्रे माउझर आधी एका साध्या जादूगाराचा शिष्य असतो. गुरूचा खून होतो आणि तो पोरगा पुढे चोर आणि तलवारबहाद्दर बनतो. त्याच्या दोन्ही विद्यांना एकेक जखम आणि एकेक माणूस चिकटलेलं आहे. म्हणूनच तो खरा वाटतो.

तुझ्याकडेही तसं कारण आहे, तुझ्या ध्यानात आलं नाही एवढंच. दिवाळीत तू मला सांगितलं होतंस, मागच्या मोहिमेत मेलेल्या जादूगाराची मंत्रांची वही तुमच्या हाती लागली. सगळे ती विकायला निघाले होते, आणि तुझ्या फायटरने वाचता येत नसतानाही ती पिशवीत ठेवून घेतली. का ठेवली, या प्रश्नाचं उत्तर शोध. ते सापडलं तर दुसरा क्लास घ्यायला माझी काहीच हरकत नाही.

मग इतकं कर. आधी फायटरची पाचवी लेव्हल पुरी कर, दोन वार हातात येऊ देत. सुरुवात फायटरने केलीस ते चांगलंच झालं. जड चिलखत तुला पहिल्या क्लासमुळे मिळालं आहे, आणि सवय असलेल्या चिलखतात मंत्र करायला या आवृत्तीत अडथळा नाही. कॉन्स्टिट्यूशनचा सेव्हही पक्का असल्याने मार बसला तरी मंत्रावरचं ध्यान सहजासहजी मोडणार नाही. तुझा आकडा 12 च आहे, तेव्हा शत्रूने सेव्ह चुकवला तरच लागू होणारे मंत्र घेऊ नकोस. शील्ड घे, ऐन वेळी बचाव पाचने वाढतो. मॅजिक मिसाइल घे, तो चुकत नाही. फाइंड फॅमिलिअर आणि डिटेक्ट मॅजिक हे विधी म्हणून, स्लॉट न खर्चता करता येतात. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल, तर मंत्राची मुद्रा कुठल्या हाताने करणार, याचा विचारही आधीच करून ठेव. आणि विझर्डच्या किती लेव्हल घ्यायच्या ते आजच ठरव. दर लेव्हलला मन बदललं की माझ्यासारखं अर्ध्या वाटेवर अडकायला होतं.

आणखी एक वाट आहे. फायटरच्या तिसऱ्या लेव्हलला तू चॅम्पियन निवडलंस. तिथेच एल्ड्रिच नाइट होतं: मंत्र हळूहळू येतात, पण फायटरची एकही लेव्हल जात नाही. तुमचा डीएम समजूतदार आहे. निवड बदलू देशील का, असं त्याला मोकळेपणाने विचारून बघ.

पण डीएमच्याही आधी तुझ्या मैत्रिणीशी बोल. ती का येत नाही ते विचार; शिकवणी असेल, घरचं काही असेल. खेळायचा वार बदलून तिला जमत असेल तर तुम्ही सगळ्यांनी तो बदला. आणि पुढच्या खेळात, रात्रीच्या मुक्कामी शेकोटी पेटली की, तुझ्या फायटरला ती वही घेऊन तिच्या विझर्डकडे जाऊ दे. "मला हे वाचायला शिकव" एवढंच तिला म्हण. तुझा दुसरा क्लास तिच्या हातून सुरू होऊ दे. मग ती एखाद्या दिवशी आली नाही, तर तुझ्या तोंडून निघणारा मंत्र तिनेच शिकवलेला असेल.

काय ठरलं ते मला सावकाश कळव. आधी तिला फोन कर.

तुझा,
मामा