घरखरेदी आणि मुद्रांक शुल्काचा हिशेब

सुरत शहरात यंत्रमाग व कापडाच्या धंद्यावर उपजीविका करणारी खानदेशातील पुष्कळ कुटुंबे आहेत. शहरात घर घेणे आवाक्याबाहेर गेले म्हणजे तापीकाठच्या कामरेजसारख्या ठिकाणी जागेचा शोध सुरू होतो. किंमत ठरते, विसार दिला जातो आणि ऐन दस्ताच्या दिवशी पैसे अपुरे पडतात. कारण सरकारी शुल्क हिशेबात धरलेलेच नसते.

कामरेज पूर्वी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होते. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यामुळे मुंबई मुद्रांक अधिनियम, १९५८ हा जळगावला लागू झाला तसाच कामरेजलाही. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली. कायद्याचे मूळ एक असले तरी दर आता निराळे आहेत, आणि गावाकडील दर धरून चालणाऱ्याची चूक होते ती येथेच.

गुजरातेत खरेदीखतावर मुद्रांक शुल्काचा मूळ दर शेकडा साडेतीन असून त्यावर ४० टक्के अधिभार आहे. हा अधिभार घराच्या किमतीवर नव्हे, तर मूळ शुल्कावर मोजावयाचा असतो; म्हणजे एकूण ४.९ टक्के. याखेरीज नोंदणी फी १ टक्का. खरेदीदार केवळ स्त्री असल्यास ही फी माफ आहे. पतीचे नाव सोबत घातल्यास माफी मिळत नाही.

आता शुल्क कोणत्या रकमेवर? ठरलेली किंमत आणि शासनाच्या जंत्रीप्रमाणे निघणारे मूल्य, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तीवर. २०११ च्या जंत्रीतील जमिनीचे दर १५ एप्रिल २०२३ पासून दुप्पट झाले, हे जुन्या आकड्यांवर विसंबणाऱ्याने ध्यानात घ्यावे. समजा, ६० चौरस मीटरची सदनिका १८ लाखांस ठरली आणि जंत्रीचा दर चौरस मीटरला ३५,००० रुपये निघाला. मूल्य २१ लाख होते. शुल्क १,०२,९०० रुपये व फी २१,००० रुपये, एकूण १,२३,९०० रुपये. दस्तातील किमतीवर शुल्क मोजणाऱ्यास ते ८८,२०० रुपयेच वाटले असते. घर १० लाखांहून अधिक किमतीचे असल्यास बँक कर्जाची मर्यादा ठरविताना हा खर्च घराच्या किमतीत धरत नाही. तो पदरचाच असावा लागतो.

किंमत कमी दाखवून शुल्क वाचविण्याचा सल्ला देणारे दलाल सर्वत्र भेटतात. मूल्य कमी दाखविल्याचे दुय्यम निबंधकास वाटल्यास प्रकरण कलम ३२-क अन्वये जिल्हाधिकाऱ्याकडे जाते. तेथे खरेदीदारास म्हणणे मांडण्याची संधी मिळते. काही जण तर शुल्क टाळण्यासाठी नोटरीपुढे केलेल्या कागदावरच समाधान मानतात. अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही. खरेदीखत सह्या झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत नोंदणीस सादर करावे लागते.