विद्यापीठाचे डिजिटल भांडार आणि आपण

प्रबंध, शोधनिबंध, हस्तलिखिते व जुनी दप्तरे यांच्या प्रती संगणकावर जतन करून त्या वाचकांना घरबसल्या खुल्या करणारे दालन म्हणजे ग्रंथालयाचे डिजिटल भांडार होय. हे भांडार वाढते कसे, याचा थोडक्यात विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम प्रबंधांचे उदाहरण घेऊ. १९६२ साली कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. तेथे मान्य झालेला पीएच.डी.चा प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जाई. कोयनानगरच्या विद्यार्थ्याला तो पाहावयाचा तर पाटण, कराड करीत कोल्हापूर गाठावे लागे. एका प्रबंधापायी अख्खा दिवस मोडे आणि एस.टी.चे भाडे वेगळे. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधाची संगणकीय प्रत देण्याचा नियम केला. त्यातून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार भरत गेले. आपल्या विद्यापीठाचे प्रबंधही तेथे आहेत आणि ते विनामूल्य वाचता येतात. नियम झाला म्हणून आवक नियमित झाली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

परंतु नुसती आवक पुरत नाही. प्रत्येक प्रबंधाचे शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, वर्ष व विषय यांची नोंद करावी लागते. ‘भूकंप’ हा शब्द घालून शोधणाऱ्याला केवळ इंग्रजीत नोंदलेला प्रबंध सापडेलच असे नाही. नोंद सदोष असेल तर असलेला ग्रंथही नसल्यासारखाच! म्हणून मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत नोंद होणे अगत्याचे आहे.

जुन्या कागदपत्रांचे काम याहून कठीण. त्यांना कोणताही नियम ग्रंथालयात आणून सोडत नाही. आपल्याच जिल्ह्यातील वाई येथे मिळालेल्या कागदांवरून इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पुढील खंडांसाठी ते गावोगाव हिंडले. आज स्कॅनर हाताशी आहे. पण मोडी कागदाचे नुसते चित्र घेतल्याने त्यातील शब्द शोधता येत नाहीत. त्यासाठी मोडी जाणणाऱ्याने लिप्यंतर करावे लागते. शिवाय लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर कायद्याने हक्क राहतो. तेव्हा वारसांची परवानगीही घेतली पाहिजे.

आता आपल्या खोऱ्याकडे वळू. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाचा अभ्यास जगभरच्या शास्त्रज्ञांनी केला. पण ज्यांची घरे पडली, ज्यांची शेते धरणाखाली गेली, त्यांच्याजवळचे कागद कोणी पाहावयाचे? पंचनामा, पुनर्वसनाचा हुकूम, नातलगांची पत्रे, एखादे छायाचित्र असे काही कोणाच्या ट्रंकेत असेल, तर येथील पावसाची ओल आणि वाळवी त्याला फार काळ टिकू देणार नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी प्रथम यादी करावी : कोणाकडे काय आहे, कोणत्या सालचे आहे, कशासंबंधी आहे. मूळ कागद ज्याचा त्याच्या घरीच राहावा. संमती घेऊन प्रत तेवढी विद्यापीठाकडे द्यावी. त्या कागदांविषयी सांगू शकणारी वडीलधारी माणसे आज आपल्यात आहेत. त्यांना विचारण्याचे काम पुढच्या वर्गावर ढकलून चालणार नाही.